लिदीचा माग

मालकांनी सगुणेच्या तोंडात लगाम दिला तेव्हा अजून फटफटलंही नव्हतं. मी हुलग्यांचं रिकामं घमेलं घेऊन पडवीच्या उंबऱ्याशी उभी होते आणि ते घोडीशी हळू आवाजात बोलत होते. घोडीशी ते नेहमी बायकोपेक्षा गोड बोलायचे. एकदा मी तसं तोंडावर म्हणाले, तर म्हणतात कसे, "ती उलटून बोलत न्हाई."

"एवढ्या पहाटेचं कोण गिऱ्हाईक गावलं?" मी विचारलं.

"गावलं एक. शेवटच्या एष्टीनं उतरून स्टँडावर बसून राहिलाय बिचारा. आई आजारी हाय म्हणतो. त्याला सोडून येतो चटदिशी. नंतर हायेच आज दिसभर गोदामामागं तोंड लपवून बसायचं."

त्या दिवशी आमच्या माळपेठेत मोठे पाहुणे यायचे होते. स्वच्छ गावाचं बक्षीस कुणाला द्यायचं ते ठरवणारे. नगरपालिकेनं आदल्या दिवशी दवंडी दिली होती की उन्हं वर आल्यापासून पाहुणे जाईपर्यंत एकही तांगा रस्त्यावर दिसता कामा नये. सगळ्यांनी घोडी घेऊन जुन्या कापसाच्या गोदामामागं थांबायचं.

गिऱ्हाइकाला कुठं जायचंय, ते मी विचारलं नाही. घराबाहेर निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारू नये ही आपल्याकडची रीतच आहे, पण तांगेवाल्याच्या घरात ती फार कडक पाळतात. 'कुठं' विचारलं की चाक अडतं म्हणतात. नवी नवरी असताना एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, तर सासूबाईंनी हातातलं लाटणं पोटरीवर मारलं होतं. तेव्हापासून माझ्या जिभेलाच ते वळण लागलं. "या हं लवकर," एवढंच म्हणायचं.

"येतो गं," ते म्हणाले नि गेले. चाकांचा आवाज बोळाच्या तोंडापर्यंत ऐकू आला, पुढं डावीकडं वळला का उजवीकडं, ते कळलं नाही. कळून घ्यायचंही कारण नव्हतं.

दिवस उजाडल्यावर सडा घालायला दार उघडलं आणि मला माझंच गाव ओळखू येईना. रस्ता धुऊन काढलेला. दोन्ही कडांना पांढऱ्या फक्कीच्या रेघा, लग्नातल्या रांगोळीला लाजवतील इतक्या सरळ. फिनेलचा वास असा की नाक चुरचुरावं. कुत्री कुठं नेऊन घातली होती कोण जाणे, एक भुंकत नव्हतं. आणि चिमण्या नव्हत्या. ते मला सगळ्यात आधी जाणवलं. आमची सगुणा म्हातारी, तिच्या दाढा झिजलेल्या. खाल्लेले हुलगे तिच्या लिदीत अख्खेच्या अख्खे बाहेर पडायचे. त्यामुळं ती जिथं लीद टाकेल तिथं घटकेत चिमण्यांचा बाजार भरायचा. गावातली पोरंसोरंसुद्धा सांगायची, ही लोखंड्यांच्या घोडीची लीद.

आणि याच लिदीपायी समोरच्या वेलणकर बाईंशी माझी उभी भांडणं. बाई शाळेत मास्तरीण. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, एकट्या राहायच्या. पांढरं पातळ नेसून शाळेला निघाल्या की त्यांचा पाय नेमका लिदीत पडायचा. मग त्या माझ्या दाराशी येऊन ठणकावून सांगायच्या, "चंद्राबाई, रस्ता म्हणजे तुमचा तबेला नाही." मी काय गप्प बसणारी? मी म्हणायची, "बाई, घोडीला शाळेत घाला की. शिकली तर विचारून करंल." नगरपालिकेत अर्जावर अर्ज त्यांनीच केले होते. मालक मात्र त्यांच्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. वर मलाच सांगायचे, "त्यांचं बी खोटं न्हाई गं. कुणाला आवडंल?"

सडा घालता घालता बघते तर आमच्या बोळाच्या तोंडाशी एक माणूस पाटी नि फावडं घेऊन उभाच. मी विचारलं, "कशाची वाट बघतोयस रं?" तर म्हणाला, "काय पडलं तर लगीच उचलायचं. सर्जेराव मुकादमांनी प्रत्येक वळणाला एकेक माणूस लावलाय." मला हसू आलं. आणि हसता हसताच अंगावर का कुणास ठाऊक काटा आला. इतकं कोरं गाव मी कधी पाहिलं नव्हतं. जत्रेच्या दिवशी सुद्धा नाही. माणूस गेल्यावर घर धुऊन काढतात ना, तसं ते दिसत होतं.

मालक चटदिशी येतो म्हणाले होते. भाकऱ्या झाल्या, पिठलं निवलं. बँडवाले चौकाकडं गेले, शाळेची पोरं कागदी झेंडे घेऊन रांगेनं गेली. मी दोनदा बोळाच्या तोंडाशी जाऊन आले.

मग मागच्या परसात काही तरी खडखडलं. गेले तर सगुणा.

एकटी. मानेवर सगळा साज, एका बाजूला तांग्याची दांडी तुटून लोंबकळत होती नि फरशीवर घासत होती. पोटापर्यंत ओली, तोंडाला फेस. गुडघा सोलपटून रक्त वाहत होतं. डोळ्यांवरची झापडं एकीकडं फिरली होती. ती आपल्या जागेवर जाऊन भिंतीला तोंड लावून उभी राहिली आणि थरथरायला लागली.

"सगुणे," मी म्हणाले, "मालक कुठं हाईत?"

बघा, घोडीला मी 'कुठं' विचारलं.

तशीच पदर खोचून गोदामाकडं पळाले. तिथं सगळे तांगे ओळीनं सोडून ठेवलेले आणि बक्षूमामा बाजेवर बसून विडी ओढत होते. अल्लाबक्ष मुलाणी, आमच्या स्टँडावरचे सगळ्यात जुने. मालकांना तांगा हाकायला त्यांनीच शिकवलेलं. माझं तोंड बघून त्यांनी विडी टाकली.

"घोडी आली. नुसती घोडी," मी म्हणाले. "दांडी मोडलीया."

"या अल्ला. तुळशीराम कोणत्या रस्त्याला गेलता?"

"सांगितलं न्हाई. म्या इचारलं न्हाई."

मामांना त्यात नवल वाटलं नाही. त्यांच्याही घरात कुणी विचारत नव्हतं. त्यांनी लगेच पायांत वहाणा घातल्या. "रडू नको बेटी. घोडी आली म्हंजी तिचा माग असंलच. भ्यालेलं जनावर लीद टाकत पळतं. आन् सगुणेची लीद तू आंधळी असलीस तरी वळखशील. चल, दारापासनं उलटं जाऊ."

आमच्या तांगेवाल्यांत ही जुनी युक्ती. कुणाचं घोडं बुजून मोकळं आलं, कुणी पिऊन वाटेत कलंडला, तर शोधायला निघणारा आधी खाली बघतो. पहाटे जाताना टाकलेली, येताना टाकलेली, ताजी कुठली, शिळी कुठली, सगळं रस्त्यावर मांडलेलं असतं. मालकांनीच दोन पावसाळ्यांपूर्वी असं एकाला ओढ्यातून काढून आणलं होतं.

आम्ही पळत पळत आमच्या बोळाशी आलो. खाली बघितलं. काही नाही. पुढं पेठेत आलो. काही नाही. मारुतीच्या पारापर्यंत गेलो, पानाशिवाय भात वाढून घ्यावा असा स्वच्छ रस्ता. मामा चारी बाजूंनी मान फिरवत राहिले, नि पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर भीती दिसली.

पारापाशी सर्जेराव मुकादम फेटा बांधून उभा होता. मी त्याला गाठलं.

"मुकादम, सकाळपास्नं लीद कुठं कुठं उचलली तुमच्या माणसांनी?"

त्याला वाटलं मी तक्रार घेऊन आलेय. छाती काढून म्हणाला, "वयनी, माळपेठंत आज एक गोळा शोधून दावा. पहाट फटफटल्यापास्नं काम चालू हाय. पार एकूणएक उचललं."

"ते न्हाई हो! हुलगे असलेली लीद कुठल्या रस्त्याला हुती? घाटाच्या? स्टेशनच्या?"

"आता ते कोण बघतंय? पाट्या भरल्या नि ट्रॉलीत वतल्या. ट्रॉली गेली खड्ड्यावर." मग त्याला माझ्या तोंडावरनं काही तरी कळलं असावं. "का वो? झालं काय?"

"माझा नवरा पडलाय कुठं तरी," मी ओरडले, "नि तुम्ही त्याची वाट झाडून टाकली!"

माणसं बघायला लागली. पोलीस पुढं आला. त्याला मामांनी सगळं सांगितलं. तो म्हणाला, पाहुण्यांच्या मोटारी एवढ्यात येतील, कार्यक्रम उरकला की माणसं देतो. मग त्यानं मला विचारलं, "नाव काय नवऱ्याचं?"

माझ्या तोंडून नाव निघेना. अकरा वर्षांच्या संसारात उखाण्याशिवाय मी ते घेतलं नव्हतं. माझं मलाच वाटलं की आपण किती येड्या आहोत.

"तुळशीराम लोखंडे," मागून आवाज आला.

वेलणकर बाई. शाळेच्या पोरांची रांग पलीकडं उभी होती, त्यातून त्या आल्या होत्या. हातातले झेंडे त्यांनी दुसऱ्या मास्तरांकडं दिले. "चंद्राबाई, चला. यांचा कार्यक्रम उरकेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही."

"तुमची नोकरी, बाई."

"नोकरी शाळेत आहे. झेंडे धरण्यात नाही. मामा, तांगा जोडा."

"तांग्याला बंदी हाय," मामा म्हणाले.

"मग माझ्या नावानं काय अर्ज करायचे ते करू देत," बाई म्हणाल्या. "अर्ज करायचा मला अनुभव आहे."

गोदामावर जाऊन मामांचा तांगा जोडला नि आम्ही मागच्या बोळांतून निघालो. तेवढ्यात चौकाकडून मोटारींचे हॉर्न आले, बँड वाजायला लागला. पाहुणे आले होते. सगळं गाव तिकडं लोटलं होतं, नि आमचा तांगा रिकाम्या गल्ल्यांतून चोरासारखा चालला होता.

सगुणा कुठून आली असेल ते परसामागच्या टापांवरून आधी बघितलं. पण ती ओढ्यातून आली होती, पाण्या-पाण्यानं. आमचा ओढा गावाला जवळजवळ पुरा वळसा घालतो नि चारही रस्त्यांना कुठं ना कुठं आडवा जातो. त्यातून काय कळणार?

"असं करू," मामा म्हणाले. "झाडलंय ते नाक्यापातुर. नाक्याच्या भाईर कोण कशाला झाडतंय? एकेका रस्त्याला भाईर जाऊ. तुळशीराम ज्या वाटेनं गेला असंल तिकडं पहाटंची लीद पडलेली असणारच."

माझ्या जिवात जीव आला. आधी स्टेशनचा रस्ता धरला, कारण भाडी बहुतेक तिकडचीच. नाका ओलांडला नि लीद दिसली. मी तांगा थांबायच्या आत उडी मारली. गोळा हातानं फोडला. नुसता गवताचा चोथा. पुढं अजून एक, तो कालचा, वाळलेला. तिसऱ्यात कडब्याचा चुरा. बाई वर बसून होत्या. मग त्याही उतरल्या. त्यांनी पदर नाकाला लावला, दोन पावलं चालल्या, पदर सोडला नि वाकून बघायला लागल्या.

"ह्यात काय बघायचं?" त्यांनी विचारलं.

"हुलगे. अख्खे. तांबूस असतात."

"चिमण्या बसतात त्या?"

"व्हय. तीच."

त्यांना माहीत होतं. रोज पाय पडायचा ना.

स्टेशनपर्यंत जाऊन आलो. सगुणेची लीद नव्हती. मग नदीचा रस्ता. तिकडं म्हशींचं शेण तेवढं ताजं, घोड्याचं काही नाही. मग खडीच्या खाणीचा रस्ता. तिथं ताजी लीद होती नि त्यावर दोन चिमण्याही होत्या. मी धावत गेले. पण ती खाणीवरच्या खेचरांची निघाली. मी ते गोळे पुन्हा पुन्हा चिवडत राहिले. त्यात हुलगा सापडावा म्हणून मी देवाला नवस बोलले, खोटं नाही सांगत. लिदीसाठी नवस बोलणारी बाई जगात दुसरी झाली नसेल.

ऊन माथ्यावर येऊन कललं. वारा पडला होता. दूरवर लाऊडस्पीकरवरून कुणी तरी बोलत होतं, शब्द कळत नव्हते, मधूनच टाळ्या यायच्या. मी रस्त्याच्या कडेला मटकन बसले.

"गेले," मी म्हणाले. "मालक गेले माझे."

"बेटी, असं बोलू नको."

"मग कुठं हाईत? घाटाच्या रस्त्यावर तर पाहुणे आले, पोलीस हुबे हाईत. तिकडं असते तर कुणाला दिसले नसते?"

वेलणकर बाई आल्या वाटेकडं बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "मामा, घाटाचा रस्ता कुठपर्यंत झाडलाय?"

"ते पावण्यांच्या वाटंचं काम. पार तालुक्याच्या शिवंपातुर झाडलाय म्हंत्यात."

"म्हणजे तिकडं नाक्याबाहेरही काही उरलेलं नाही."

"कसं उरंल?"

"मग चंद्राबाई, ऊठ." इतक्या वर्षांत त्या मला पहिल्यांदा अगं-तुगं करत होत्या. "तीन रस्त्यांना तुझ्या घोडीची लीद नाही. चौथ्या रस्त्याला कुणाचीच नाही. तिथं काही दिसत नाही म्हणून तो तिकडं गेला नाही, असं कसं म्हणायचं? तो तिकडंच गेलाय."

मामांनी तांगा वळवला. त्यांनी घोड्याला कधी चाबूक लावलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी लावला.

घाटाच्या नाक्यावर पोलिसानं काठी आडवी धरली. "तांगा मागं घ्या. पाहुणे परत जायचेत."

"इकडनं सकाळी तांगा गेला काय?" मामांनी विचारलं.

"एक पण नाही. मी स्वतः उभा आहे इथं, उन्हं आल्यापासून."

"तो त्याच्या आधी गेला," बाई म्हणाल्या. "अंधारात. बाजूला हो बाळ. तू माझ्याकडं दुसरीत होतास." त्यानं बाईंकडं नीट बघितलं नि काठी खाली घेतली.

घाटाचा रस्ता मी असा कधी पाहिला नव्हता. एक काडी पडलेली नाही. दोन्ही कडांना फक्की. घोड्याच्या टापांचा आवाज तेवढा येत होता. आम्ही तिघं दोन्ही बाजूंना बघत होतो. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. बाभळीच्या खाली जुनी मोरी आहे, तिथं रस्त्याच्या कडेला कालच मुरूम टाकून वर चोपून काढला होता, नव्या मडक्यासारखा तांबडा. त्यावरनं फक्कीची रेघ ओढली होती. आणि ती रेघ एका जागी तुटली होती. हातभर, दोन हात. तिथं कड खचून गेली होती. पलीकडं पुन्हा रेघ सुरू.

मोटारी गेल्या होत्या त्यावरून. कुणी बघितलं नव्हतं. रस्त्याच्या मधून जाणाऱ्याला ते दिसतच नव्हतं.

मी कडेशी गेले. खाली बाभळीचं रान माजलेलं. काही दिसेना. "अहो!" मी हाक मारली. काही नाही. "अहो, ऐकलं का!" कुठल्या नवऱ्याला हाक मारतेय ते रानाला काय कळणार? मग मी डोळे मिटले आणि सगळा जीव एकवटून ओरडले, "तुळशीराऽऽम!"

खालून बारीक आवाज आला, "कोण गं ती... नवऱ्याचं नाव घेती?"

मी काट्यांतून घसरत खाली गेले. बाई माझ्या मागोमाग, पातळ फाटतंय तिकडं न बघता. तांगा मोरीच्या तोंडाशी उलटा पडला होता. एक चाक वर, आणि दुसरं त्यांच्या छातीवर. ते उताणे होते. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले. पण डोळे जागे. माझ्याकडं बघून हसले.

"आलीस?" म्हणाले. "म्हटलं, येशीलच."

मामांनी, आमच्या मागोमाग सायकलवरून आलेल्या नाक्यावरच्या पोलिसानं नि त्यानं हाकारून आणलेल्या दोन गड्यांनी मिळून चाक उचललं. त्यांना बाहेर काढताना ते ओरडले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त भ्या वाटलं. तांग्यात आडवं निजवलं. डोकं मी मांडीवर घेतलं. बाई पायांशी बसल्या. मामांनी घोडा चालवायला घेतला, पाण्यावरनं नेल्यासारखा अलगद.

"कधी पडलात?"

"त्याला सोडलं... आन् परत येत हुतो. सकाळीच. समोरनं मुकादमाची ट्रॉली आली म्हणून कडंला घेतला. नवा मुरूम... चाक बसलं नि गेलो." ट्रॉली पुढच्या वळणाला गेली होती, खडखडाटात तिच्यावरच्यांना कळलंही नसेल. "सगुणी दांडी मोडून निघाली. गुणाची घोडी. म्हटलं, जा. सांग जा घरी."

"मोटारी गेल्या की वो डोक्यावरनं! ओरडला का न्हाई?"

"एकदा मारली हाक... छातीत कळ आली नि डोळ्यांपुढं अंधार. मग म्हटलं, कशाला? पावण्यांच्या मोटारी, त्या थोड्याच थांबत्यात." ते थांबले. श्वास घ्यायला त्यांना फार वेळ लागत होता. "दम राखून ठिवला. तू येणारच हुतीस. आज तर रस्ता असा धुतलेला... त्याच्यावर सगुणीची लीद लांबनं दिसंल. आंधळं बी येईल. मला काय घोर न्हवता बघ."

वेलणकर बाईंच्या तोंडून काही तरी निघणार होतं. मी त्यांचा हात धरला, जोरात दाबला. त्या मान फिरवून रस्त्याकडं बघायला लागल्या. तिकडं बघण्यासारखं काही नव्हतं.

एवढा वेळ, सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत, ते तिथं निवांत पडून होते. भ्याले नव्हते. बायको लिदीच्या मागानं येतेय म्हणून माझी वाट बघत होते, आणि मी स्टेशनला, नदीला, खाणीला फिरत होते. मला गावाचा असा संताप आला, त्या फक्कीचा, त्या बक्षिसाचा, की हातात असतं तर सगळी पेठ पेटवून दिली असती. पण त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी हललेसुद्धा नाही.

"पाणी पिता?"

"नगं." त्यांचा हात माझ्या हातात होता, गार पडत चालला होता. मामांनी एकदा मागं वळून बघितलं, नि पुन्हा पुढं बघायला लागले. दवाखाना अजून लांब होता.

"कुठपातुर हुती गं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"लीद. सगुणीची. कुठपातुर हुती?"

"दारापर्यंत," मी म्हणाले. "आपल्या पार दारापर्यंत हुती. एक जागा चुकली न्हाई तिनं. मी खाली बघत बघत सरळ आले."

"आन् चिमण्या?"

"हुत्या की. लई हुत्या."

त्यांनी मान हलवली, समाधानानं. "मग तरी एवढा येळ का लागला?"

"भाकऱ्या व्हायच्या हुत्या," मी म्हणाले.

ते हसले. हसताना त्यांना दुखलं, तरी हसले. नाका यायच्या आधीच माझ्या हातातला त्यांचा हात सैल झाला.